ओला पारा

मे महिना लागला की पुण्यातल्या आमच्या हवामान संशोधन संस्थेच्या फाटकाशी ट्रॉली बॅगांचा खडखडाट सुरू होतो. उन्हाळी इंटर्न येतात. कुणी वाघोलीच्या कॉलेजातून, कुणी थेट देशाच्या दुसऱ्या टोकाहून. गळ्यात कोरं ओळखपत्र, पाठीला लॅपटॉप, आणि चेहऱ्यावर असा भाव की यंदाचा पाऊस आपल्याला विचारूनच येणार. आठवडाभरात त्यांना कळतं की पाऊस अजून लांब आहे. तूर्तास फक्त फाइली उतरवून घ्यायच्या आहेत, आणि त्या उघडत नाहीत. मग कँटीनमध्ये चेहरे पाडून बसलेली ती पोरं दिसतात आणि मला हसू येतं. त्या हसण्याच्या मागोमाग ओल्या वाळ्याचा वास येतो. वाळ्याच्या वासानं लोकांना गार वाटतं. मला अजूनही कोंडल्यासारखं होतं.

मी इंटर्न होते तो उन्हाळा असा वासावाटे येतो. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा नुकतीच संपलेली, कॉलेज वाघोलीला, आणि राहायला विश्रांतवाडीत दादा-वहिनीकडे. मूळचे आम्ही आर्वीकडचे. निवड झाल्याची मेल आली तेव्हा दादानं चाळीतल्या सगळ्यांना पेढे वाटले आणि 'बहीण हवामानखात्यात लागली' असं सांगून टाकलं. हवामानखातं वेगळं, ही संस्था वेगळी, आणि मी लागलेली नाही, फक्त शिकायला चाललेय, हे मी त्याला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही. पेढे चांगले होते.

संस्थेत आम्हाला एका लांबट खोलीत बसवलं. खिडक्या बंद, पडदे बंद, एसी असा की दुपारी मुली ओढण्या गुंडाळून बसत. वातावरणाचा अभ्यास करणाऱ्यांना वातावरण अजिबात लागू नये, अशी चोख व्यवस्था होती. मला मिळालेलं काम म्हणजे उपग्रहांनी टिपलेलं जमिनीचं तापमान उतरवून त्याचे रंगीत नकाशे करणं. पहिल्याच आठवड्यात पुण्याचा नकाशा झाला. नदीकाठ निळसर, टेकड्या पिवळ्या, आणि विश्रांतवाडीचा चौकोन लालभडक. माझ्या शेजारी बसणारा ऋग्वेद नावाचा मुलगा म्हणाला, "वॉव, काय मस्त कलर आलाय!" मी त्या लाल चौकोनाकडे बघत राहिले. त्याच्या आत कुठेतरी आमची खोली होती, आणि त्या वेळी वहिनी त्या खोलीत होती.

ती खोली तिसऱ्या मजल्यावर, गच्चीवर नंतर बांधलेली. वर पत्रा, एक खिडकी, समोर लोखंडी दार. दुपारी पत्रा तडतड वाजायचा. भिंतीला हात लावला तर हात मागे घ्यावा लागायचा. दादा चाकणच्या कारखान्यात, मी संस्थेत, आणि वहिनी दिवसभर एकटी. तिला सातवा महिना लागला होता.

आदल्या वर्षीही मे महिन्यात तिला सातवाच होता. तेव्हा ती रिवाजाप्रमाणे माहेरी गेली. तिचं माहेर आर्वीपासून आत, कच्च्या रस्त्यावर. उन्हाची लाट आली, तिच्या पोटात दुखू लागलं, गाडी मिळेपर्यंत दुपार गेली आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. पुण्यात परत आली ती हातात फक्त पिशवी घेऊन.  

या खेपेला तिनं आधीच सांगून टाकलं होतं, "मी माहेरी नाही जात. दवाखाना इथंच, बाळंतपण इथंच." दादा हो म्हणाला होता. पण एप्रिल सरता सरता तिला दुपारी चक्कर येऊ लागली. एकदा ओट्याजवळ बसली ती दादा येईपर्यंत तिथंच बसून राहिली. त्या दिवशी दादा घाबरला. त्यानं मे महिनाअखेरचं गाडीचं तिकीट काढलं आणि म्हणाला, "तिथं तुही माय तरी आहे जवळ. इथं पडली तर कोण पाहीन?" त्याचं चुकत होतं असं मला आजही म्हणवत नाही. वहिनी कणीक मळत होती, ती मळतच राहिली. मी ते पाहिलं आणि ठरवलं की ही जाणार नाही. कशी जाणार नाही, ते मला ठाऊक नव्हतं.

खोलीत कूलर होता, हे इथं सांगायला हवं. कूलरशिवाय उन्हाळा, ही कल्पनाच आमच्या भागात कुणाला करता येत नाही. दादानं तो गावाहून ट्रकमध्ये टाकून आणला होता, चांगला कपाटाएवढा, तीन बाजूंनी वाळ्याच्या ताट्या लावलेला. गावाकडे कूलर खिडकीच्या बाहेर स्टँडवर बसवतात, तो बाहेरची कोरडी हवा ओढतो आणि आत गार करून सोडतो. पण आमच्या घरमालकांचा, परचुरे काकांचा, कडक नियम: खिडकीला कूलर लावायचा नाही, भिंतीला ओल येते. दादानं नियम पाळला. त्यानं कूलर खोलीच्या आत ठेवला, कोपऱ्यात. वर ऊन आत येऊ नये म्हणून खिडकी बंद, आणि गारवा बाहेर जाऊ नये म्हणून दारही बंद. सुरू केला की पंधरा मिनिटं स्वर्ग. त्यानंतर काय होतं, ते वहिनीला माहीत होतं, पण ती म्हणायची, "कूलर आहे ना बाप्पा, अजून काय पाहिजे."

माझ्या गाईड आपटे मॅडम. पांढरे आखूड केस, चष्मा दोरीला लटकवलेला, बोलणं मोजकं. मी त्यांना म्हटलं की मला नकाशे करायचे नाहीत, त्या लाल चौकोनातल्या एका खोलीची हवा मोजायची आहे. त्या म्हणाल्या, "एका खोलीची हवा हा विषय नसतो. ती तक्रार असते."

"मग तक्रार मोजते," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा लावून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, संपली इंटर्नशिप. मी तिथंच उभी राहिले. आमच्याकडे माझ्या हट्टाला सगळे वैतागलेले असत, पण त्या दिवशी तो बरा कामाला आला. शेवटी त्या उठल्या आणि कपाटातून एका लाकडी पट्टीवर बसवलेले दोन थर्मामीटर काढून त्यांनी माझ्या हातात दिले. एक सुका. दुसऱ्याच्या तळच्या फुग्याला मलमलीचं ओलं कापड गुंडाळायचं, त्याचं टोक पाण्याच्या कुपीत. पाणी उडून जातं, तसा तो पारा खाली येतो. हवा जितकी कोरडी, तितका ओला पारा सुक्यापेक्षा खाली. आपला घामही असाच वाळतो. ओला पारा वर चढला की घाम वाळायचा थांबतो आणि अंग आतल्या आत तापत राहतं. मॅडमनी एवढंच सांगितलं आणि म्हणाल्या, "नकाशेही पूर्ण हवेत. सूट नाही."

मलमल आणायला मी नारायण पेठेतल्या एका दुकानात गेले. दुकानदार म्हणाले, "किती मीटर?"

"वीतभर पुरेल."

"वीतभरात काय शिवणार?"

"थर्मामीटरला गुंडाळायचीय."

त्यांनी कात्री खाली ठेवली. "आजारी आहे का तो?" म्हणाले, आणि वीतभर काही कापली नाही. मीटरभर घ्यावी लागली. दुसऱ्या दिवशी मी मलमल बांधत होते तेव्हा ऋग्वेदनं पाहिलं आणि ओरडला, "यार, तू लिटरली थर्मामीटरला कपडे घालतेयस?" सगळी खोली हसली. मीही हसले आणि गाठ नीट आवळली.

मग ती लाकडी पट्टी घरी भिंतीवर टांगली. मी सकाळी निघताना आणि संध्याकाळी आल्यावर वाचायची. दुपारचं वाचन वहिनी करायची. आधी घाबरली, "मले नाही समजत ते," म्हणाली. दोन दिवसांत इतकी तयार झाली की मी पट्टीजवळ गेले की म्हणे, "अवं, तोंड लांब कर, तुह्या श्वासानं पारा हालते." दुपारी तीनला मी चहाच्या सुट्टीत संस्थेच्या गच्चीवर जाऊन फोन करायची. ती आकडे सांगायची, मी लिहायची. तिच्या आवाजात दुपारी एक जडपणा असे. आकड्यांपेक्षा मी तोच ऐकायची.

पहिल्या आठवड्याचे आकडे मी मॅडमपुढे ठेवले. त्यांनी पाहिले, पुन्हा पाहिले. "मे महिन्यात, दुपारी, विश्रांतवाडीत एवढी आर्द्रता? तुमच्या खोलीत ढग आहे का गं?" माझा चेहरा उतरला. त्यांनी विचारलं, "मलमल धुतली होतीस?" नाही. नव्या कापडाला खळ असते. खळ असली की पाणी नीट चढत नाही, कापड अर्धवट कोरडं राहतं आणि ओला पारा खोटा वर दिसतो. दरवर्षी एक तरी इंटर्न ही चूक करतो, असं त्या म्हणाल्या. म्हणजे मी दरवर्षीची इंटर्न झाले होते.

घरी येऊन मी मलमल सोडा घालून उकळली. वहिनी स्टोव्हजवळ उभी राहून म्हणाली, "सायन्स म्हंजे धुणंच निघालं व हे." तीन पाण्यातून काढली, बांधली. आकडे तेच आले. पुन्हा उकळली. तेच. मॅडम म्हणाल्या, मग पट्टीच खराब असेल, इकडे आण. संस्थेच्या आवारात झडपांची पांढरी लाकडी पेटी आहे, तिच्यातल्या खऱ्या थर्मामीटरांशेजारी माझी पट्टी दिवसभर टांगली. दोन्हींचे आकडे जुळले. मॅडम त्या पेटीपाशी उन्हात उभ्या राहिल्या आणि जरा वेळानं म्हणाल्या, "पट्टी बरोबर आहे. म्हणजे खोली चुकतेय."

बसमध्ये मला ते एकच वाक्य ऐकू येत होतं. घरी पोचले, चहा टाकला, आणि मिठाच्या डब्यात चमचा घातला तर मीठ ओलं. बाहेर ऊन असं की दोरीवरचं धुणं तासाभरात कडक व्हावं, आणि आत मीठ ओलं. काड्यापेटी सादळलेली. दाराला लटकवलेला सकाळचा टॉवेल दमट. हे सगळं मी महिनाभर पाहत होते, हाताळत होते, आणि मला काहीच दिसलं नव्हतं. कूलर कोपऱ्यात घुरघुरत होता. बंद खोलीतली तीच ती हवा ओढत होता आणि तिच्यात आणखी पाणी घालून परत सोडत होता. वरून पत्रा तापत होता. सुका पारा थोडा खाली यायचा, म्हणून सगळ्यांना गार झाल्यासारखं वाटायचं. ओला पारा मात्र चढत जायचा, बाहेर रस्त्यावर होता त्याहूनही वर. माझी वहिनी रोज दुपारी त्या हवेत बसत होती, आणि तिला तिथं बसवलं होतं आम्ही, प्रेमानं.

दादाला सांगितलं तर तो चिडला. भिंतीवरच्या घड्याळात तापमान दिसायचं, त्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हे पाह्य. बाहेरच्यापेक्षा कमी दाखवून राह्यलं ना? मंग?" मी त्याला त्याचाच ओला रुमाल दिला आणि म्हटलं, हा दोरीवर टाक, दुसरा गच्चीत टाक, आणि कोणता वाळते ते सांग. गच्चीतला वाळला. खोलीतला जेवणं झाली तरी ओलाच. दादा बराच वेळ तो हातात घेऊन बसला. "मंग बंद करू का कूलर?" त्यानं विचारलं. नुसता बंद करून पत्र्याखाली भागणार नव्हतं. तो खिडकीबाहेर जायला हवा होता, आणि खिडकी परचुरे काकांची होती.

काका नारायण पेठेत राहायचे. मी आलेख छापून घेऊन गेले. त्यांनी तो दारातच उजेडाला धरून पाहिला. "छान काढलाय. रेघा सरळ आहेत."

"काका, कूलर बाहेर लावू द्या."

"पुण्यात कूलर लागत नाही. पुण्याची हवा चांगली आहे."

"इथली असेल. तिथली ही आहे," मी आलेखाकडे बोट केलं.

"अहो, मागच्या भाडेकरूंनी कूलर लावला, अख्खी भिंत पोपडे धरून खाली आली. भिंत माझी आहे, आणि ती आलेख वाचत नाही."

त्यांचंही खरं होतं. त्या उन्हाळ्यात जो तो खरंच बोलत होता, आणि वहिनीचं तिकीट काढलेलं होतं. मी म्हटलं, "मग तुम्ही एकदा येऊन बघा. दुपारी तीनला."

"दुपारी तीनला मी झोपतो."

"तिथं येऊन झोपा."

 आतल्या खोलीतून काकूंच्या हसण्याचा आवाज आला.  घरमालकाला असं बोलून आपण खोलीच घालवली, असं जिना उतरताना मला नक्की वाटलं.

पण काका आले, रविवारी, बरोबर तीनला, काखेत वर्तमानपत्र. दादा गडबडून उठला. मी सगळं रोजच्यासारखं ठेवलं, खिडकी बंद, दार बंद, कूलर सुरू, आणि एक खुर्ची दिली. "गार आहे की," काका म्हणाले आणि पेपर उघडला. थोड्या वेळानं त्यांनी वरचं बटण काढलं. मग पेपरनं वारा घेऊ लागले. मग तोही खाली ठेवला. सदरा पाठीला चिकटला होता.  भिंतीशी पाय पसरून बसलेल्या वहिनीकडे त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "ही झोपते कशी इथे?"

उत्तर वहिनीनंच दिलं. "झोपत नाही मी. बसून राहते."

काका उठले, दार उघडलं आणि गच्चीत उन्हात जाऊन उभे राहिले. तिथं त्यांना बरं वाटलं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. तिथूनच म्हणाले, "लोखंडी स्टँड करा. भिंतीला टेकवायचा नाही. आणि पोपडा दिसला की गाठ माझ्याशी आहे."

आज माझ्याकडचे इंटर्न विचारतात, "मॅम, यातून पेपर निघेल का?" त्यांचा दोष नाही. पुढच्या प्रवेशाला तेच लागतं. आकड्यांच्या रांगेत मध्येच एखादी जागा रिकामी असली की ते अस्वस्थ होतात आणि आजूबाजूच्या आकड्यांवरून ती भरून टाकतात. एका बटणाचं काम. मी त्यांना थांबवते. आधी तिथं काय झालं होतं ते शोधा, म्हणते. यंत्र बिघडलं, वीज गेली, की आणखी काही झालं. त्यांना वाटतं मॅम उगाच ताणतात. मी ताणतेच. मला कुणी ताणू दिलं म्हणून मी इथं बसले आहे, आणि या पोरांतलं एखादं तरी उन्हात जाऊन उभं राहावं असं मला फार मनापासून वाटतं.

दादानं कूलर बसवला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मॅडमना विचारून दुपारीच निघाले. बाहेर लावल्यानंतरचं तीनचं पहिलं वाचन मला स्वतः घ्यायचं होतं. सगळा खटाटोप त्या एका आकड्यासाठी होता. आधीचा पारा आणि नंतरचा पारा शेजारी शेजारी ठेवता आला, तर मी दादापुढे, मॅडमपुढे, काकांपुढे उभी राहू शकणार होते. जिना चढून आले. दार अर्धवट उघडं, हवेला वाट राहावी म्हणून मीच तसं ठेवायला सांगितलेलं. आत पाहिलं आणि चपला तिथंच काढल्या. मग घातल्या, कारण जिना तापला होता, आणि पायरीवर बसले. संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिले.

इंटर्नशिपच्या शेवटी सगळ्यांना आपलं काम मांडावं लागतं. ऋग्वेदचे नकाशे सुरेख होते. मग माझी पाळी आली. खोली, पत्रा, कूलर आत, कूलर बाहेर. बाहेर लावल्यावर सुका पारा फारसा बदलला नाही, ओला मात्र चांगला उतरला, हे त्यानंतरच्या सगळ्या दुपारी दिसत होतं. पहिल्या रांगेतले एक ज्येष्ठ सर पुढे झुकले. ते प्रश्न विचारायचे तेव्हा मोठी माणसंही पाण्याची बाटली शोधत.

"एकच खोली?"

"हो सर, एकच."

"आणि बदल केल्यानंतरचं पहिलंच तीनचं वाचन नाही. सगळ्यात महत्त्वाचा आकडा तोच. यंत्र बंद होतं?"

"नाही सर. चालू होतं."

"वाचणारं कुणी नव्हतं?"

"मी होते. दारात."

"मग वाचलं का नाही?"

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. त्यांनाही मी हे सांगितलं नव्हतं. तिकीट दादानं परत केलं होतं, वहिनीला नववा लागला होता, आणि आमच्या गल्लीपासून दोन चौकांवरच्या दवाखान्यात तिचं नाव नोंदलेलं होतं.

"पट्टी समोरच्या भिंतीवर आहे, सर. तिथवर जायला वहिनीला ओलांडून जावं लागलं असतं," मी म्हटलं. "ती झोपली होती."